माझा पहिला उंडो

गोव्यात राहून घरी पाव भाजायला बसणे म्हणजे नदीकाठी राहून अंगणात विहीर खणण्यासारखे आहे. पहाटे सहाच्या सुमारास सायकलचा भोंपू वाजतो, टोपलीवरचा प्लास्टिकचा कागद सरकतो आणि दाराला अडकवलेल्या पिशवीत ठरलेले पाव पडतात. आपण अजून अंथरुणातच असतो. आपल्या घरांत भाकरी थापली जाते, घावन घातले जातात, आंबोळ्या उलटल्या जातात. पण पाव मात्र दाराबाहेरूनच येतो. ज्यांच्या कितीतरी पिढ्या पावावर वाढल्या, अशा घरांतही पावाची भट्टी सहसा नसते. ती गावात एखादीच असते आणि तिचा एक धनी असतो. त्याला आपण पोदेर म्हणतो.

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘दवाखान्याबाहेरचे काहीतरी लिहा’ असा आग्रह धरला. गेल्या दोन वर्षांत दवाखान्याबाहेर मी जे काही शिकलो ते म्हणजे उंडो भाजणे, म्हणून तोच विषय घेतला आहे. लिहिता लिहिता त्यात दवाखाना शिरला, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या घराचे आणि पावाचे नाते सरळ नव्हते. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘पांव’वरून आला आणि ‘पोदेर’ हा त्यांच्या ‘पादेइरु’वरून. पायाने तुडवून मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आमच्या लहानपणी मोठी माणसे गंभीरपणे सांगत. ती खरी नाही. पण ती सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी किळस दिसे ती अगदी खरी होती. १५१० साली अल्बुकर्कने गोवा शहर घेतल्यावर त्या लोकांना रोजच्या जेवणाला गव्हाचा पाव हवा झाला. गहू बाहेरून आणता येई, पण पीठ फुगवायचे आंबवण इथे मिळेना. तेव्हा माडाची सूर त्यांच्या कामी आली. रेंदेराने पहाटे उतरवलेली सूर पिठात घातली की तिच्यातले सूक्ष्मजीव पुढचे काम करीत. ही विद्या जेझुइटांनी सासष्टीतल्या मजोर्ड्याच्या लोकांना दिली, असे परंपरा सांगते. युरोपचा पाव आणि कोकणचा माड यांचे हे लग्न लागले, तरी हिंदू घरांनी त्याला अक्षता टाकायला पुढची तीन-चार शतके घेतली.

कारण पाव म्हणजे बाटणे. विहिरीत पाव टाकला आणि तिचे पाणी पिणारे सारे गाव बाटले, ही कथा गोव्यापासून वसईपर्यंत सांगितली जाते. तिच्यात इतिहास किती आणि भीती किती हे अभ्यासकांनी ठरवावे. पण ती भीती आमच्या घरात मी स्वतः पाहिली आहे. माझ्या आजीच्या हयातीत पावाला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडता आला नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला, सत्तरीच्या दशकात आम्ही मुले शाळेत जाऊ लागलो, तरी पावाचा डबा बाहेर सोप्यावरच असे. पाव खाणाराने चहाही तिथेच प्यायचा, कप विसळायचा, मग आत यायचे. आजी चिडत नसे, कुणाला बोलत नसे. डबा मात्र रोज संध्याकाळी हाताने चार बोटे आणखी दूर सरकवी.

माझे वडील १९३४ सालचे. मराठी पाठशाळा, मग पोर्तुगीजांची ‘प्रिमेर ग्राव’, मग काही वर्षे पणजीचे लिसेव आणि पुढे जन्मभर मराठी शाळेत मास्तरकी. लहानपणी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आजोबांबरोबर गेले की आजोबा त्यांना एक उंडो घेऊन देत. बाजारातच तो संपवायचा, परतीच्या वाटेवरच्या झऱ्यावर चूळ भरायची आणि घरी कुणाला सांगायचे नाही, असा बापलेकांचा करार होता. आजीला हे ठाऊक होते, असे बाबा सांगत. शुक्रवारी रात्री ती त्या दोघांना भात थोडा कमीच वाढी.

ज्यांना गोव्याबाहेर राहून हे वाचायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. उंडो म्हणजे मुठीत मावेल एवढा गोल पाव, वरची पापडी कडक, मधोमध एक चीर आणि आतला गर लुसलुशीत. पोय चपटी, कोंड्याची आणि आतून पोकळ. काटऱ्याचा पाव फुलपाखरासारखा. कांकण बांगडीसारखे, चहात बुडवल्याखेरीज दाताला दाद न देणारे. मधुमेहाच्या रुग्णांना आपण सारेच ‘पाव सोडा, पोय खा’ असे सांगतो. त्या पोयीत कोंडा आत किती आणि वरून भुरभुरलेला किती, हेही एकदा पोदेराला विचारून पाहावे असा माझा सल्ला आहे. मी विचारले, उत्तर ऐकल्यापासून तो सल्ला मी जपून देतो.

आता आमच्या पोदेराविषयी. त्याच्या संमतीने लिहितो, नाव मात्र लिहीत नाही. मी त्याला ‘पात्रांव’ म्हणतो आणि तो मला ‘दोतोर’. गावात त्याच्या आजोबांपासून भट्टी होती. २०१६ च्या सुमारास तो पहिल्यांदा खोकला घेऊन आला. विडी नाही, क्षय नाही, छातीचा फोटो स्वच्छ. रात्री दोन वाजता काम सुरू झाले की तासाभरात शिंका, मग खोकला, पहाटेपर्यंत छातीत शिट्ट्या. मुंबईला मुलीकडे बारा दिवस राहून आला तेव्हा खोकला नाहीसा झाला होता. परत आल्यावर तिसऱ्या रात्री हजर. मी त्याच्या हाती फुंकर मोजायची नळी दिली आणि दिवसातून चार वेळा आकडे लिहून आणायला सांगितले. वहीतल्या त्या आकड्यांनी निदान माझ्याआधी केले. भट्टी बंद असलेल्या दिवशी चारशेच्या वर, कामाच्या रात्रीनंतर तीनशेच्या आसपास.

पाववाल्यांचा दमा हा आपल्या शास्त्राला नवा नाही. इटलीतला रामाझ्झिनी याने कामगारांच्या रोगांवर १७०० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात पिठाच्या धुळीने खोकणारे, घसा बसलेले, धापा टाकणारे पाववाले आहेतच. आज आपल्याला ठाऊक आहे की गव्हातली प्रथिने आणि पीठ सुधारण्यासाठी घालतात ती बुरशीजन्य अमायलेजसारखी विकरे या दम्याच्या मुळाशी असतात. पंपाने आराम पडतो. पण खरा उपाय एकच, पीठ सोडणे. जितक्या लवकर सोडावे तितकी छाती सावरण्याची आशा अधिक. उशीर झाला तर धंदा सुटला तरी दमा राहतो. हे सारे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘दोतोर, तुम्हाला कुणी सांगितले की माणसांपासून लांब राहा, तर काय कराल?’

तो सहा वर्षे लांबणीवर टाकत राहिला. मुखपट्टी लावी, पंप ओढी, पीठ चाळायचे काम नोकराकडे देई. एक मुलगा बोटीवर, दुसरा इंग्लंडात; भट्टीत उतरणारे कुणी नव्हते. अखेर २०२२ च्या पावसाळ्यात, ओल्या लाकडांचा धूर आणि पिठाची धूळ एकत्र झाली असताना, एका पहाटे त्याला ओठ निळे पडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. पुढे तो चार दिवस इस्पितळात होता. घरी आला त्या दिवशी त्याने भट्टीचे दार बंद केले. माझा सल्ला त्याने मानला याचा मला वैद्य म्हणून आनंदच झाला पाहिजे होता आणि तो झालाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या वाड्यावर भोंपू वाजला नाही.

बाबा तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. आदल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांचे जेवण गेलेच होते. भात नको, भाकरी नको, पेज दोन चमचे. वजन सत्तेचाळीस किलोवर आलेले. एकच गोष्ट ते मागून खात : सकाळी उंडो फोडून चहात बुडवून, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. म्हातारपणी माणसाचे अन्न असे एका बिंदूवर येऊन थांबते, हे आपण सर्वांनीच रुग्णांच्या घरी पाहिले आहे; स्वतःच्या घरी ते पाहणे निराळे. दुसऱ्या गावचा पाव आणला, शहरातून कापलेली पावाची लादी आणली. बाबांनी एक तुकडा बोटांत दाबला, तो दबलेलाच राहिला. ‘हा कापूस आहे,’ म्हणाले आणि बशी बाजूला सारली. डब्यातली प्रथिनांची भुकटी त्यांनी शिस्तीने दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवशी तुळशीत ओतली.

घरात केकपुरता विजेचा ओव्हन होता. इंटरनेटवर पावाच्या हजार कृती मिळतात. पण मला पाव नको होता, हाच उंडो हवा होता, आणि तो ज्याच्या हातात होता त्याला मी पिठाजवळ जायला बंदी केली होती.

मी त्याच्याकडे गेलो. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता. शिकवाल का म्हटल्यावर हसला. मग आम्ही एक व्यवस्था ठरवली. धूळ असते ती कोरड्या पिठाची. एकदा पाण्यात कालवल्यावर ती उडत नाही. म्हणून पीठ मोजणे आणि पाण्यात कालवणे मी घराच्या मागल्या पडवीत, तो येण्यापूर्वी तासभर उरकायचे. तो मुखपट्टी लावून सोप्यावर, वाऱ्याच्या बाजूला बसणार. मी परात सोप्याच्या दारात घेऊन मळणार. गोळे वळताना कोरडे पीठ न भुरभुरता हाताला तेल लावायचे. आजीचा पावाचा डबा जिथे असे, नेमक्या त्याच जागी परात आली, हे माझ्या बायकोने लक्षात आणून दिले.

‘सूर मिळेल का?’ मी विचारले. ‘सूर मेळना,’ तो म्हणाला. गावातला शेवटचा रेंदेर उतारवयाने माडावर चढायचा थांबला होता आणि आमचा पोदेरही कितीतरी वर्षे बाजारच्या यीस्टवरच काम करीत होता. पाश्चरने १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले की आंबणे ही जिवंत सूक्ष्मजीवांची करणी आहे. सुरेतले आणि पाकिटातले यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि कर्बवायू सोडते. फरक एवढाच की सुरेत त्याच्या जोडीला आंबटपणा आणणारे जिवाणूही असतात, म्हणून जुन्या उंड्याला किंचित आंबूस वास येई. ‘आधी पीठ शिका, मग सूर शोधा,’ असा पोदेराचा निकाल पडला.

प्रमाण त्याने पोत्याच्या हिशेबात सांगितले, मी भागाकार केला. पाचशे ग्रॅम पीठ. त्यात चारशे मैदा आणि, वैद्याचे मन राहवेना म्हणून, शंभर आटा. पाणी तीनशे दहा मिलिलिटर, मीठ नऊ ग्रॅम, कोरडे यीस्ट तीन ग्रॅम. साखर नाही. ‘साखर कशाला? पिठात गोडी आहे, त्याला वेळ द्या.’ हे त्याचे वाक्य जीवरसायनाच्या दृष्टीने बिनचूक आहे. पिठातलीच विकरे पिष्टाचे तुकडे करून साखर मोकळी करतात, फक्त घाई चालत नाही.

मळणे सुरू केले तेव्हा तो राडाच होता. बोटांना चिकटलेला, परातीला चिकटलेला. बायकोने पोळ्यांच्या कणकेच्या अनुभवावरून मूठभर पीठ आणखी घालायचे सुचवले. सोप्यावरून ‘नाका, नाका’ असा आवाज आला. ‘दोतोर, चोपू नका. तळहाताने लांब ढकला, दुमडून परत आणा, वळवा. पुन्हा ढकला.’ पाच मिनिटे काहीच घडले नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला त्या राड्याने एकाएकी बोटे सोडली आणि तो आपल्या आपण एकत्र राहू लागला. मी जे ढकलीन ते परत ओढून घेण्याइतका जीव त्यात आला. पंधराव्या मिनिटाला खांदे भरून आले होते, आणि हाताखाली कानाच्या पाळीइतका मऊ, गुळगुळीत गोळा होता. पोदेराने त्यातला लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांनी ताणायला सांगितला. न फाटता तो इतका पातळ झाला की त्यातून अंगणातला उजेड दिसला.

गव्हातल्या ग्लुटेनशी माझी ओळख इतकी वर्षे आरोपी म्हणूनच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला; पाव मिळेनासा झाला. तेव्हा विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आले की सीलिॲकची आजारी मुले त्या उपासमारीत सुधारत आहेत आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगत आहेत. १९५० च्या आपल्या प्रबंधात त्याने गव्हाकडे बोट दाखवले. परीक्षेत हे मी लिहिले आहे, विद्यार्थ्यांना शिकवले आहे, तीन-चार मुलांचा गहू कायमचा बंद केला आहे. पण पाण्याच्या संगतीने आणि हाताच्या ओढीने दोन प्रथिने एकमेकांत गुंतून जाळे विणतात, आणि वायूचा प्रत्येक बुडबुडा ते जाळे धरून ठेवते, हे या वयात प्रथमच हाताला कळले.

मग थांबणे. आमच्याकडच्या हवेत, पावसाळ्याच्या दमटीत, दीड तासात गोळा दुप्पट झाला. त्या दीड तासात पोदेर आणि बाबा सोप्यावर बसून जुन्या बाजाराविषयी बोलत होते. पूर्वी पोदेर गुडघ्यापर्यंतची कबाय घालून, घुंगरांचा बांबू वाजवीत येत. सायकलचा भोंपू नंतरचा. भट्टीच्या तळाखाली मीठ आणि काचांचे तुकडे घालून वर फरशी बसवतात, म्हणजे ऊब रात्रभर टिकते, हे त्याने सांगितले. बाबांनी मास्तरी खाक्यात विचारले, काच कोणत्या बाटलीची? त्याने तितक्याच गांभीर्याने उत्तर दिले, सोड्याच्या.

पीठ तयार झाले हे ओळखायची त्याची परीक्षा मला फार आवडली. बोट ओले करून गोळ्यात रुतवायचे आणि काढून घ्यायचे. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे; हळूहळू, अर्धा भरून थांबला तर वेळ झाली; मुळीच भरला नाही तर वेळ टळून गेली. सुजलेल्या पायावर अंगठा दाबून खड्ड्याकडे पाहण्यात माझे आयुष्य गेले. खड्डा दिसून आनंद व्हावा असा प्रसंग मात्र हा पहिलाच.

शंभर-शंभर ग्रॅमचे आठ गोळे. मी सात वळले. तळहाताच्या पोकळीत गोळा फिरवून त्याची वरची कातडी ताणून घ्यायची असते. माझे गोळे गोल होत, पण थोड्या वेळाने पसरून बसत. पोदेर पाहत होता. भट्टी बंद केल्यापासून त्याने पिठाला हात लावला नव्हता. आठव्या गोळ्याच्या वेळी तो उठला, अंगणातल्या नळावर हात धुतले, तेलाचे बोट लावले आणि न विचारता गोळा उचलला. हात दोनदा फिरला, कडेने एक चीर पडली, गोळा खाली बसला तो टाचेवर उभा राहिल्यासारखा. ओल्या पिठाची धूळ उडत नाही. मी काही बोललो नाही. तो परत खुर्चीत जाऊन बसला आणि बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिला.

पाऊण तासाने ते दोनशे तीस अंशांच्या ओव्हनमध्ये गेले. खाली उकळत्या पाण्याची वाटी, म्हणजे वाफेने पापडी लवकर आवळत नाही आणि पाव वाढायला मोकळा राहतो. दहाव्या मिनिटाला वास सुटला. या वासाला आणि तांबूस रंगाला कारण होणारी रासायनिक क्रिया १९१२ साली ज्याने सांगितली तो लुई कामिय मायार हा वैद्यकाचाच माणूस, ही गोष्ट आपल्या संघटनेच्या अभिमानासाठी नोंदवून ठेवतो. वीस मिनिटांनी उंडे बाहेर काढले. आता भाजले की नाही हे फोडल्यावाचून कसे कळावे? पोदेर म्हणाला, उलटा करा आणि टिचकी मारा.

छाती ठोकून तपासण्याची रीत १७६१ साली आउएनब्रुगर या वैद्याने लिहून ठेवली. तो ग्राझच्या खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात किती दारू उरली हे बापाला बाहेरून ठोकून ओळखताना त्याने पाहिले होते, असे सांगतात. आजकाल छायाचित्रणाच्या यंत्रांमुळे ही विद्या आपल्या बोटांतून जाऊ लागली आहे. मी उंडो उलटा करून डावे मधले बोट टेकवले आणि उजव्या बोटाने ठोकले. ठोस आवाज नव्हता, पोकळ होता. ‘भाजला,’ असे माझ्याआधी सोप्यावरून पोदेर म्हणाला. वीस फुटांवरून त्याला ऐकू आले होते.

बाबांपुढे बशीत उंडो ठेवला. त्यांनी पापडी दाबली, ती कुरकुरली. फोडला, हुंगला, चहात बुडवला, खाल्ला. पुन्हा बुडवला. आम्ही सगळे परीक्षेच्या निकालाला उभे राहावे तसे उभे होतो. सबंध उंडो संपल्यावर ते म्हणाले, ‘बारा.’

‘वीसपैकी,’ मी बायकोला समजावले. लिसेवात गुण वीसपैकी असत आणि दहाला माणूस पास होई.

‘अजून अर्धा दे,’ असे त्यांनी म्हटले तेव्हा तिने टोपलीतला हाताला लागला तो दिला. बाबांनी तो फोडून आतला गर उजेडाकडे धरला, मग सोप्याच्या दिशेने मान वळवून म्हणाले, ‘हा याने केलेला नव्हे.’ पोदेराने मुखपट्टी खाली ओढली आणि मोठ्याने हसला. हसता हसता खोकला आला, पण तो साधा खोकला होता.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा उंडे भाजू लागलो. बाबांचे वजन दोन महिन्यांत दीड किलोने वाढले आणि तिथेच टिकले. त्यांचे गुण चौदाच्या पुढे कधी गेले नाहीत. त्या निमित्ताने एकदा मी हिशेब मांडला. आठ उंड्यांसाठी माझे साडेतीन तास आणि भरून आलेले खांदे. पोदेराचे रोजचे एक पोते, म्हणजे पन्नास किलो पीठ, म्हणजे असले आठशे उंडे. रात्री दोनपासून पहाटे सहापर्यंत, एका नोकराच्या साथीने, वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस, चाळीस वर्षे. आणि एका उंड्याची किंमत तेव्हा चार-पाच रुपये. दम्याच्या रुग्णाला ‘धंदा बदला’ हे दोन शब्द मी आजही सांगतो, कारण औषध तेच आहे. पण सांगण्यापूर्वी आता त्या माणसाचे काम एकदा नीट विचारून घेतो. काय करतोस एवढेच नव्हे, हाताने ते कसे करतोस हेही. बाह्यरुग्ण विभागात त्याला चार मिनिटे जास्त लागतात.

पोदेराची फुंकर आता बहुतेक दिवस चारशेच्या आसपास असते. रात्रीचा पंप सुटला आहे, सकाळचा नाही. शेजारच्या गावातल्या रेंदेराशी त्याने माझी गाठ घालून दिली आहे आणि पुढच्या महिन्यात सुरेचा प्रयोग ठरला आहे. त्याची भट्टी मात्र बंद आहे. न पेटवलेल्या भट्टीत ओल शिरते, दोन पावसाळे गेले की घुमटाला भेगा पडतात, म्हणून तो अधूनमधून तिच्यात नुसताच जाळ करून ठेवतो. बोटीवरचा मुलगा सुट्टीवर आला की ती पाडून तिथे खोल्या काढायच्या म्हणतो. इंग्लंडातला म्हणतो, असू दे. गेल्या नाताळात दोघेही घरी होते. काही ठरले नाही.